सोडलेली सफरचंदं

गेल्या हंगामात थोरली जाऊ शिडीवरून पडली, तेव्हा छातीवरच्या पिशवीतल्या एकाही सफरचंदाला डाग लागला नाही. मनगट मात्र दोन जागी मोडलं. पडताना तिने पिशवीला लेकरासारखं कवटाळलं होतं. फळं तोडणाऱ्यांत तिचं कौतुकच झालं. आपटलेलं फळ पेटीत जात नाही, हे तिथे प्रत्येकाच्या हाडीमांसी मुरलेलं.

आज मुकादमाने तिला बजावलं, "एका झाडाची फळं उतरवून दाखव. जमलं तर शिडी तुझी. नाहीतर शेडमध्ये फळं निवडायला बस."

शेडमध्ये म्हणजे दिवसभर पत्र्याखाली. तिला शेंड्यावरचा वारा हवा होता.

"हात दुखला तर सांगा, जाऊबाई," शेजारच्या झाडावरून धाकटी जाऊ म्हणाली. "मुकादमाला मी बोलण्यात गुंतवते."

"तू तोंड उघडलंस तर तो आपणहून पळेल."

तिने तीन पायांच्या शिडीचे दोन पाय रोवले, तिसरा फांद्यांमधून खोडाकडे सरकवला आणि चढली. शेंड्यापासून तोडत खाली यायचं, म्हणजे पिशवी जड होईतो जमीन जवळ येते. मनगट कुरकुरलं, पण साथ देत राहिलं. पिशवी निम्मी भरली तेव्हा एक लालबुंद फळ हातापासून जरासं पलीकडे दिसलं. उतरून शिडी हलवायची तर वेळ जाणार, आणि मुकादम टक लावून उभा. ती वाकली.

तिसरा पाय पाणी दिलेल्या मऊ मातीत रुतला. शिडी कलली. तिचे दोन्ही हात आपसूक पिशवीकडे गेले.

ते हात तिला दिसले. एकाही हाताने काहीच धरलेलं नव्हतं, फळांशिवाय. तिने झटकन एका हाताने जाड फांदी पकडली, दुसऱ्याने पिशवीचा तळ उघडणारी दोरी ओढली. सफरचंदं धडाधड खाली गेली. ती फांदीला बिलगून राहिली, आणि धाकटीने धावत येऊन शिडी सावरली.

मुकादमाने पायाने फळं उलटीपालटी केली. "वाकलीस कशाला?"

"तुम्ही बघत होता म्हणून," ती उतरत म्हणाली.

"शिर सलामत तो पगडी पचास," धाकटी पुटपुटली.

मुकादम हसला नाही. शिडीचा पाय रुतलेली जागा त्याने वाकून पाहिली. मग पाठ फिरवून म्हणाला, "नाही बघत. शिडी हलव आणि घे ते फळ."

ती टाचेने माती दाबत पक्की जागा शोधू लागली.