घरी न्यायची परवानगी

दर्शनाला आयसीयूत ठेवल्याचा चौतिसावा दिवस होता. त्या सकाळी डॉक्टर निकिता देवरे यांनी तिच्या आईवडिलांना आपल्या खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. आशा बसली. किशोर उभाच राहिला.

दोघं पेठ तालुक्यातली. भाताची लावणी उरकली की दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला यायची. या वर्षी बागेतल्या पत्र्याच्या खोलीतच सहा वर्षांच्या दर्शनाला ताप चढला, दुसऱ्या दिवशी झटके आले. नाशिकच्या या मोठ्या दवाखान्यात आणेपर्यंत ती बेशुद्ध पडली होती. मेंदूज्वर, असं निदान झालं. पुढं ताप उतरला, झटके थांबले, डोळेही उघडले. पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती आणि श्वास मशीनवरच चालू होता.

"तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गळ्याला इथं लहान छिद्र करायचं आणि नळी तिथून घालायची. मग मशीन हळूहळू कमी करून बघता येईल. त्यासाठी तुमची सही लागेल."

"मंग ती बोलंल?" किशोरनं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही."

"आमाला वळखंल?"

"बहुतेक नाही. पण स्वतःचा श्वास स्वतः घेईल, असं मला वाटतं."

"मंग नको. आता तिला कापू नका. घरी न्यायची हाय."

"मशीन काढलं तर ती वाटेतल्या कोटंबीच्या घाटापर्यंतसुद्धा पोचणार नाही, किशोरभाऊ."

"म्हाईत हाय मला. तिची आजी वाट बघती. जायचं तर आपल्या घरातनं जाऊ द्या."

"जी जगू शकते तिचं मशीन मला काढता येत नाही. तुम्ही लिहून दिलंत तरी नाही."

"पोर माझी हाय."

"हो, तुमचीच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

किशोर दार उघडून बाहेर गेला.

किशोरनं दोन दिवस ऑफिसच्या खिडकीशी चकरा मारल्या. सल्ला न मानता पेशंट घेऊन जाणाऱ्यांसाठी एक फॉर्म असतो, हे त्यानं ऐकलं होतं. मोठ्यांच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलांनी तसंच नेलं होतं, असं बाहेर बसलेल्या एकानं सांगितलं. खिडकीतल्या माणसानं मान हलवली. मशीनवरच्या लहान मुलाला तो फॉर्म चालत नाही, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत सविता सिस्टर खाटेशी आल्या, तेव्हा किशोरचा हात दर्शनाच्या तोंडापाशी होता, नळीच्या अगदी जवळ. त्यांनी त्याला बाजूला केलं.

"काय करत होतात?"

"लाळ पुसत व्हतो."

त्याच्या मुठीत फडकं होतं. सिस्टरना ते दिसलं. तरी त्यांनी घडलं ते वहीत लिहिलं, कारण लिहिणं भाग होतं. त्या दिवसापासून किशोरला आत सोडणं बंद झालं. दारावरचा वॉचमन त्याला काचेतून बघू द्यायचा. काचेतून दर्शनाचे फक्त पाय दिसत. पायांवरची चादर घसरली तर ती नीट करायलाही त्याला आशाला सांगावं लागायचं.

दवाखान्यानं हे सगळं बाल कल्याण समितीला कळवलं. समितीतर्फे वत्सलाबाई आल्या. पूर्वी त्या शाळेत शिकवत होत्या. किशोरचं सगळं बोलणं त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग आशाला एकटीला बोलावलं.

"त्या दिवशी तुम्ही तिथं होता?"

"व्हते. हे लाळच पुसत व्हते. रोजच पुसायचे."

"आणि गळ्याच्या नळीचं? तुम्हाला काय वाटतं?"

आशानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. महिन्याभरात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. किशोरनंही नाही.

"मॅडम म्हणत्यात, पोर जगंल. हे म्हणत्यात, अशी जगून तिनं काय करायचं. मला दोगांचं बी खरं वाटतं."

"पण काहीतरी ठरवावं लागेल, बाई."

"तिचा हात गरम असतो," आशा म्हणाली. "गरम हात सोडून कसं द्यायचं, ते मला कळत नाय."

तिला नाव लिहिता येत होतं. गळ्याच्या नळीच्या कागदावर तिनं सही केली. किशोर बाहेर बाकावर बसला होता. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मी लिवून दिलं." तो उठून पेठच्या गाड्या लागतात तिथवर चालत गेला. एक एसटी भरून निघाली, दुसरी लागली. तो चढला नाही. संध्याकाळी परत येऊन त्याच बाकावर बसला.

नळी बसवली. मशीन आधी दिवसातला एक तास बंद ठेवलं, मग चार तास, आणि नळी बसवल्यापासून सव्विसाव्या दिवशी पूर्ण काढलं. दर्शना स्वतः श्वास घेऊ लागली. डॉक्टर देवरे खाटेशी उभ्या राहून बराच वेळ तिची छाती वरखाली होताना बघत राहिल्या. वत्सलाबाईंच्या सांगण्यावरून किशोरला आता आत सोडत होते. त्यानं दर्शनाच्या डोळ्यांपुढं बोट फिरवलं. डोळे हलले नाहीत.

आठवड्यानं डॉक्टरांनीच विषय काढला. "आता तिला घरी न्या."

किशोर त्यांच्याकडे बघत राहिला. "तवा नेऊ देत नव्हता."

"तेव्हा ती मशीनवर होती. आता इथं करण्यासारखं काही उरलं नाही, आणि त्या खाटेसाठी दुसरी मुलं थांबलीत."

"आमच्याकडं लाइट जाती. दोन दोन दिवस येत नाय. नळीत कफ अडकला तर?"

डॉक्टरांनी नजर खाली घेतली. "मला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या.

विजेशिवाय, पायानं दाबून कफ ओढायचं एक यंत्र सविता सिस्टरनी कुठून तरी मिळवून दिलं. नळीत बारीक पाइप किती आत घालायचा, कधी थांबायचं, हे त्यांनी दोघांना आठ दिवस शिकवलं. आशा पाइप अर्ध्यावरच थांबवायची. किशोरला ते लवकर जमलं.

आता दर्शना घरी आहे. आजी, भागीबाई, उशाशी बसून तिला दिवसभराचं सगळं सांगते, कोंबडी कुठं अंडं घालून आली तेसुद्धा. दोघांनी यंदा पुन्हा बागेचं काम धरलं नाही. तासा-दोन तासानं गळ्यात घरघर सुरू होते, मग कफ काढावा लागतो. दर वेळी तिचं अंग ताठ होतं, तोंड उघडतं, पण रडण्याचा आवाज येत नाही.

परवा दुपारी आशानं विचारलं, "तुमचं ऐकलं असतं तर?"

किशोर नळीभोवतीची फीत बदलत होता.

"आता नको इचारू," तो म्हणाला.

"तुमाला राग हाय माझा?"

राग आहे म्हणावं तर तसं नव्हतं, आणि नाही म्हणणंही त्याला जमेना. तेवढ्यात दर्शनाच्या गळ्यात पुन्हा घरघर झाली. आशानं तिचं डोकं धरलं आणि किशोरनं यंत्रावर पाय ठेवला.