चेल्वीच्या धापा

चेल्वीने बावीस वर्षांत अडतीस तमिळ सिनेमे केले, आणि अडतीसही सिनेमांत ती ज्यावर बसली ते मोडलं. खुर्ची, झोपाळा, एकदा तर लग्नातला चौरंग. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. घर चालत होतं. पण गेल्या वर्षापासून तिची मुलगी इनिया शाळेत चालू लागली, की मागून पोरं ‘धम्, धम्’ करायची. तो आवाज आईच्याच सिनेमांतला. बारा वर्षांच्या पोरीने स्नेहसंमेलनाच्या नाचातून नाव काढून घेतलं आणि कारण विचारल्यावर नुसतं आईकडे पाहिलं.

म्हणून आज चेल्वी तिला चेन्नईच्या सालिग्रामम भागातल्या डबिंग स्टुडिओत घेऊन आली होती. नव्या सिनेमात नायिका जाड असते, म्हणजे स्पंजचा अंगरखा घालते, आणि एका गाण्यात बारीक होते. चार मिनिटांत. चेल्वी रोज सकाळी तासभर चालते, वर्षात दोन किलो उतरत नाहीत, पण ते असो. ती झाली होती नायिकेची थोरली बहीण. शेवटी ती जिना चढून येते आणि म्हणते, "बारीक झालीस, बरं झालं. पण आधीची तूही मला आवडायचीस गं." शूटिंगच्या वेळी कुणी हसलं नव्हतं. लाइटवाल्याने तर डोळे पुसले होते.

"या वेळी काही मोडत नाही," तिने इनियाला सांगितलं होतं. "कुणी हसणारही नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मग नाचात परत नाव दे."

आवाजाचं काम बघणारा पुगळेंदी जुना ओळखीचा. त्याने इनियाला काचेमागे आपल्या शेजारी बसवलं. चेल्वी माइकपुढे उभी राहिली. पडद्यावर ती जिना चढू लागली आणि पहिल्याच पायरीला ढोल वाजला. धम्. दुसऱ्या पायरीलाही धम्, आणि मध्येच एक बेसूर पिपाणी.

"पुगळेंदी, हे काय?"

"डायरेक्टरसाहेबांनी घालायला सांगितलं, अक्का. फार गंभीर होतंय म्हणाले. तुम्ही दिसलात आणि हसायला आलं नाही, तर लोकांना चुकल्यासारखं वाटेल."

"शूटिंगला तर काही बोलले नाहीत."

"तेव्हा बोलले असते, तर तुम्ही एवढं छान केलं असतं का?" तो अगदी आपुलकीने म्हणाला. "वाक्य आहे तसंच ठेवलंय. आधी फक्त थोड्या धापा द्या. पाच-सहा सेकंद."

चेल्वीने काचेपलीकडे पाहिलं. इनिया मान खाली घालून बसली होती.

"धापा देणार नाही मी," ती म्हणाली. "त्या दिवशी मला धाप लागलीच नव्हती."

तिला वाटलं, तो चिडेल, कुणाला तरी फोन लावेल. तो नुसता हसला.

"नका देऊ, अक्का. आपल्याकडे आहेत."

त्याने दोन बटणं दाबली. खोल, दमलेल्या, मध्येच कण्हणाऱ्या धापा खोलीभर ऐकू आल्या आणि पडद्यावरच्या तिच्या ओठांवर नेमक्या बसल्या.

"तुमच्याच आहेत. तो हत्तीवाला सिनेमा नव्हता का? अजून वापरतो आम्ही, कुणीही जाड बाई चढली की याच. एवढ्या खऱ्या धापा परत कुणाच्या मिळाल्याच नाहीत."

चेल्वीने आपलं वाक्य म्हटलं. एकदाच म्हटलं आणि ते चांगलं झालं.

बाहेर कडक ऊन होतं. रिक्षा येईपर्यंत दोघी भिंतीच्या सावलीला उभ्या राहिल्या.

"नाचाचं राहू दे, अम्मा," इनिया म्हणाली.

"बरं."

मग इनियानेच विचारलं, "त्या धापा खरंच खऱ्या होत्या?"

"हो."

"तेव्हाही तू एवढीच जाड होतीस?"

"नाही गं. आठवा महिना होता. तू होतीस पोटात."

"त्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना," चेल्वी म्हणाली. "म्हणून तर मला घेतलं होतं."