काळा लॅब्राडोर, वय आठ

वय काढलं की सोफामावशीचं डोकं फिरायचं. सदुसष्ट. बरं मग? तीन माणसं बसतील एवढा सोफा ती अजून एकटी आडवा पाडायची, जुनं कापड टराटरा सोलून काढायची, खालचे सैल पट्टे ताणून पुन्हा ठोकायची, आणि हे सगळं करताना ओठांत चार खिळे धरून गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावायचीही. गल्लीत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ज्याची खुर्ची खचली, ज्याची गादी दबली, तो "सोफामावशी आहे का?" करत सरळ दुकानात शिरायचा. आणि अशा बाईला एका सव्वीस वर्षांच्या पोरीने फोनवर सांगितलं, "सॉरी मावशी, पण तुमचं वय जास्त आहे."

कशासाठी जास्त? तर कुत्रा पाळण्यासाठी!

त्याचं असं झालं. जनावरांच्या डॉक्टरांकडे बाहेर बसायच्या सहा खुर्च्या होत्या. मांजरांनी त्यांची पार वाट लावली होती. मावशी मापं घ्यायला गेली, तेव्हा भिंतीवर एक कागद दिसला. फोटोत काळाभोर कुत्रा, तोंडाभोवती पांढरं झालेलं. खाली लिहिलेलं : 'डांबर. काळा लॅब्राडोर, नर, वय आठ. कायमचं घर हवं.' त्याखाली बारीक अक्षरांत त्याचे अवगुण. दिवसभर भुंकतो. लहान मुलांवर गुरगुरतो. चावण्याची शक्यता. सोफे फाडतो.

"सोफे फाडतो?" मावशी मोठ्याने हसली. "अहो डॉक्टर, हा तर माझं दुकान चालवेल!"

हसली खरी, पण जाताना कागदावरचा नंबर लिहून घेतला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आणि एकटं राहायला मला काही वाटत नाही असं सगळ्यांना ठणकावून सांगायची. साफ खोटं. संध्याकाळी शटर ओढलं की झोपेपर्यंत बोलायचं कुणाशी हा प्रश्न असायचा. ती रेडिओशी भांडायची. रेडिओ उलट बोलत नाही, म्हणून तेही भांडण काही रंगायचं नाही. पिल्लू तिला नको होतं. पिल्लू आपल्यामागे पोरकं होईल, एवढा हिशोब तिला कळत होता. आठ वर्षांचा गडी मात्र बरोबरीचा. दोघं मिळून म्हातारे होऊ, काय बिघडलं?

तर ती फोनवरची पोरगी म्हणजे कुत्र्यांना घरं मिळवून देणाऱ्या संस्थेची ताई. पोरगी वाईट नव्हती, पण नियमावर बोट ठेवून बोलणारी. पासष्टच्या वरच्या माणसाला कुत्रा दत्तक द्यायचा, तर घरातल्या पासष्टच्या आतल्या कुणाची तरी सही हवी. उद्या काही झालं तर हा कुत्रा मी सांभाळीन, अशी.

"काही झालं तर म्हणजे मी मेले तर ना? मग सरळ बोल की," मावशी म्हणाली.

"हो मावशी. तेच."

घरातलं असं एकच माणूस होतं. मुलगा. दुसऱ्या शहरात राहायचा, विम्याच्या कंपनीत होता, आणि आईशी बोलतानाही विमा विकत असल्यासारखा बोलायचा. मावशीने त्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आई, या वयात हे काय नवीन खूळ?"

"खूळ नाही, कुत्रा आहे."

"तू पडलीस, त्याने ओढलं, हाड मोडलं, म्हणजे? आणि उद्या तुला काही झालं तर त्या कुत्र्याचं कोण बघणार? माझ्या घरात जागा नाही. मी सही करणार नाही."

मावशीच्या हातात वाकडी सुई होती. ती तिने उशीत खोचली. मग सावकाश म्हणाली, "मला काही झालं तर कुत्र्याचं कोण बघणार, हे विचारलंस. माझं कोण बघणार, हे नाही रे विचारलंस."

"आई, तू विषय कुठल्या कुठे नेतेस," एवढंच पलीकडून आलं. मावशीने फोन ठेवला. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. त्या रागात तिने एका खुर्चीला जरुरीपेक्षा दुप्पट खिळे मारले. मग ताईला पुन्हा फोन केला. "सहीचं नंतर बघू. आधी तो कुत्रा तर दाखव! की बघायलाही वयाची अट आहे?"

ताईने हात टेकले. तसंही त्या कुत्र्याला महिनाभरात कुणी विचारलं नव्हतं.

कायमचं घर मिळेपर्यंत डांबर एका फॉस्टरकडे होता. फॉस्टर म्हणजे संस्थेच्या कुत्र्याला तात्पुरतं आपल्या घरी ठेवणारा माणूस. इथे तो माणूस म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. दोन वर्षांमागे एक कुटुंब परदेशी गेलं आणि जाताना डांबरला संस्थेच्या फाटकाला बांधून गेलं. संस्थेच्या पिंजऱ्यात त्याने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा मास्तर त्याला घेऊन आले. आठवडाभरासाठी म्हणून. त्या आठवड्याची दोन वर्षं झाली होती. भिंतीवरचा तो कागद भरायचं कामही त्यांचंच. नियमच होता तसा. कुत्र्याच्या खोडी फॉस्टरनेच लिहायच्या, कारण कुत्र्याबरोबर राहतो तो.

शनिवारी सकाळी ताई आणि मावशी मास्तरांकडे पोचल्या. तळमजल्यावरची खोली, खिडकीत कुंड्या, कपाटावर जुना तराजू, आणि काठी टेकत दार उघडणारे मास्तर. त्यांच्या पायामागून काळं डोकं बाहेर आलं. डांबरने आधी मावशीचे जोडे हुंगले, मग हात. हाताला डिंकाचा वास येत असणार. त्याने हात नीट चाटून बघितला, मग आपलं सगळं वजन तिच्या नडगीवर टाकून उभा राहिला. शेपटी दाराच्या फळीवर धप्धप् आपटत होती. मावशी वाकली आणि त्याच्या कानामागे खाजवायला लागली. झालं, बाई पाघळली. पण चेहरा तिने कडकच ठेवला होता.

"जपून," मास्तर घाईने म्हणाले. "अनोळखी माणसाला चावतो तो."

"हा?" मावशी म्हणाली. डांबरने तिच्या मनगटावर हनुवटी ठेवून डोळे मिटले होते.

"आज शांत आहे. एरवी फार त्रास देतो. भुंकतो. सोफ्याच्या चिंध्या करतो."

आता हे बोलायचं होतं तर मास्तरांनी दुसऱ्या कुणासमोर बोलायचं! मावशीची नजर सोफ्याकडे गेली. दोघांनी बसायचा, तपकिरी कापडाचा. ती उठली, परवानगी न विचारता सोफ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत गेली. गोट शाबूत. उशा उलट्या केल्या. शिवण कारखान्यातली, एकही टाका नंतरचा नाही. मग भल्या मोठ्या बाईने गुडघे टेकले आणि सोफ्याच्या बुडाखाली हात घातला. बुडाचं कापडसुद्धा पहिलंच होतं.

"काय शोधताय?" मास्तरांचा आवाज बारीक झाला.

"चिंध्या," मावशी म्हणाली. "चाळीस वर्षं हेच केलंय मी, मास्तर. हा सोफा वीस वर्षांचा आहे, आणि वीस वर्षांत याला कुत्र्याचं नख लागलेलं नाही. डाव्या बाजूला तुमची बैठक खचलीय. उजव्या बाजूला ही दुसरी, गोल. तिथे काळे केस कापडात असे रुतलेत की ब्रशनेही निघायचे नाहीत. तुम्ही दोघं रोज शेजारी शेजारी बसता. खोटं लिहिलंत तुम्ही!"

ताईने हातातली फाइल मिटली. "काका?"

मास्तर खुर्चीत बसले. डांबर लगेच उठून त्यांच्याजवळ गेला.

"चार जण येऊन गेले," ते म्हणाले. "पहिल्याने आल्या आल्या त्याचा जबडा उघडून दात मोजले. दुसऱ्या बाईने विचारलं, हा काळा रंग पुढे विटतो का? तिसऱ्याला गच्चीत बांधून ठेवायला हवा होता, राखणीला. अशांना काय द्यायचा? म्हणून सांगितलं, चावतो. पळाले."

"आणि चौथे?" ताईने विचारलं.

मास्तरांनी डांबरच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चौथे चांगले होते. नवरा-बायको, अंगण असलेलं घर. डांबर त्यांच्या मुलीबरोबर खेळलासुद्धा. ते खरंच चांगले होते हो. त्यांना मी सांगितलं, हा एकदा एका मुलाला चावलाय."

मास्तरांनी चष्मा काढला, आणि तो पुसता पुसता बाकीचंही सांगितलं. दोनदा न्हाणीघरात पडल्यावर त्यांच्या मुलीने निर्णय घेऊन टाकला होता. दहा दिवसांनी ती त्यांना आपल्याकडे, गावाच्याच दुसऱ्या टोकाला, न्यायला येणार होती. तिसरा मजला, आणि नातीला दमा. कुत्र्याच्या केसांनी पोरीचा श्वास कोंडायचा. म्हणजे डांबर परत पिंजऱ्यात.

"मास्तर," मावशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता खरा संताप होता, "जन्मभर लोकांची पत्रं ज्याची त्याला पोचवलीत ना? मग याच्यासाठी आलेलं तेवढं अडवून ठेवलंत? जीव लावला म्हणून असं करायचं? दहा दिवसांनी तो पिंजऱ्यात उपाशी बसला असता, तेव्हा तुमचा हा जीव काय कामाचा होता त्याला?"

"कळतं मला," मास्तर म्हणाले. "रोज कळतं. पण दार वाजलं की तोंडून तेच निघतं."

मावशीचा राग त्या वाक्यावर थांबला. रेडिओशी भांडणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. ती म्हणाली, "बरं. चुकलात ते चुकलात. आता मी नेते त्याला."

"मावशी, सही," ताई म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण फाइल काही तिने सोडली नव्हती. "मी नवा कागद लावते, खरा. दहा दिवसांत कुणीतरी मिळेल. की तुमच्या मुलाशी मी बोलून बघू?"

"अजिबात नको. त्याच्या सहीवर माझं घर चालत नाही."

"मग माझाही इलाज नाही हो. नियम म्हणजे नियम."

मावशीने डांबरकडे पाहिलं. दहा दिवसांत आठ वर्षांचा काळा कुत्रा कोण नेतंय? एक महिना कुणी फिरकलं नव्हतं. आणि कुणी नेलाच, तरी मघाशी तिच्या पायावर टेकलेलं ते ऊन ऊन वजन काही तिचं राहणार नव्हतं. मग ती एकदम मास्तरांकडे वळली.

"मास्तर, तुमचं वय किती?"

"चौऱ्याहत्तर."

"फॉस्टर झालात तेव्हा बहात्तर. तेव्हा कुणाची सही आणली होतीत?"

"कुणाची? कुणी मागितलीच नाही."

मावशी कमरेवर हात ठेवून ताईसमोर उभी राहिली. "काय गं? बहात्तर वर्षांच्या माणसाच्या गळ्यात दोन वर्षं कुत्रा घातलात, तेव्हा कुणाला काही होणार नव्हतं? तात्पुरता सांभाळायचा तर म्हातारी माणसं चालतात, आपला म्हणायचा तर चालत नाहीत?"

ताईने फाइल उघडली. फॉस्टरचा अर्ज काढला, वरपासून खालपर्यंत वाचला, पान उलटून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. वयाचा रकाना होता. अट कुठेच नव्हती. अर्ज तयार करताना कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की अशी एखादी बाई भेटेल.

"नाहीये," ती म्हणाली. आणि मग, इतका वेळ स्वतःला आवरून धरलेली ती फसकन हसली.

"मग लिही माझं नाव. फॉस्टर. वय सदुसष्ट. मोठ्या अक्षरांत लिही."

ताईने लिहिलं. मावशीने सही केली, पेन जवळजवळ कागदात घुसवून. मास्तरांनी खुंटीवरचा पट्टा काढला. तो मावशीच्या हातात देताना त्यांची मूठ काही उघडेना. मावशीने घाई केली नाही. दुसऱ्या बाजूने पट्टा धरून ती उभी राहिली, मास्तरांची बोटं आपली आपण सुटेपर्यंत.

"तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरता येतं ना?" ती म्हणाली. "मग येत जा दुकानात. बसायला खुर्च्यांची काही कमी नाही."

मास्तरांनी नुसती मान हलवली.

दारात ताईने तिला अडवलं. "मावशी, पण एक लक्षात ठेवा हं. फॉस्टर म्हणजे कायमचं नाही. कागद भिंतीवर राहणारच. चांगलं घर मिळालं की ते लोक तुमच्याकडे येणार, कुत्रा बघणार, तुम्हाला विचारणार."

"येऊ देत की," मावशी म्हणाली. "बसवीन, चहा देईन. आणि मी काही मास्तरांसारखी खोटं बोलणार नाही. चावतो म्हणणार नाही, फाडतो म्हणणार नाही. जे आहे तेच सांगेन. कुत्रा लाखात एक आहे, आणि मी तो देणार नाही."