आयत्या वेळचे विषय

पक्ष सलग तिसऱ्यांदा हरला, तेव्हा वरून शाखेला एक छापील कागद आला. आपल्याला सोडून गेलेल्या कष्टकरी मतदारांच्या घरी जा, ते का गेले ते विचारा, असा त्यात हुकूम होता. खाली सहा चौकोन होते : महागाई, बेकारी, नेतृत्व, प्रचार, विरोधकांची आमिषं आणि शेवटी नुसतंच 'इतर'. माणसाचं ऐकायचं आणि त्यातल्या एका चौकोनात फुली मारायची.

शाखेत आता सातच माणसं उरली होती आणि त्यांतल्या पाचांचे गुडघे दुखत होते. त्यामुळे दारोदार फिरणं चिटणिसाच्या गळ्यात पडलं. चिटणीस म्हणजे कागद गिरणीतून निवृत्त झालेला कामगार. एकवीस वर्षं शाखेचं इतिवृत्त त्याच्याच हातचं. अक्षर मोत्यासारखं, काना-मात्रेची चूक शोधून सापडायची नाही. त्यानं आठवड्यात बत्तीस घरं संपवली. तेहतिसावं मात्र रोज उद्यावर ढकललं, कारण ते सख्ख्या धाकट्या बहिणीचं होतं.

एके काळी ही बहीण म्हणजे शाखेचा उजवा हात. आठ वर्षांची होती तेव्हा खळीचा डबा सांभाळत दादाच्या मागून पत्रकं चिकटवत हिंडायची. पुढे ती धुलाई कारखान्यात लागली आणि सभेला शंभर बाया ती एकटी गोळा करून आणू लागली. बारा वर्षांपूर्वी तिनं येणं थांबवलं. भांडण नाही, तंटा नाही. मग कानावर आलं की सत्तेतल्या पक्षाच्या माणसानं तिच्या खात्यात पंखा बसवून दिला आणि तिथली सगळी मतं तिकडे गेली. "एका पंख्यावर भाळली," असं तो बायकोपाशी म्हणाला होता. बहिणीपाशी काहीच बोलला नाही. दोघांत "कशी आहेस?" आणि "बरी आहे" एवढंच उरलं होतं. तिचं मत मिळावं असं त्याला वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर त्याला बहीणच परत हवी होती.

पाळी सुटल्यावर तो तिच्या घरी गेला. ती कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. इस्पितळाच्या चादरी तापलेल्या रुळांत घालायच्या, पलीकडून कडक घड्या काढायच्या, हे काम आठ तास उभ्यानं चालायचं.

"या चिटणीस! मला वाटलं भाऊ आला."

"भाऊच आलाय गं."

"मग तो कागद पालथा ठेव."

त्यानं ठेवला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग न राहवून तो म्हणाला, "एका पंख्यासाठी सोडून गेलात ना आम्हाला?"

ती हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर म्हणाली, "वही तुझ्याचकडे आहे ना? बारा वर्षांपूर्वीची काढ. वाच आणि मग ये."

सभेची एक रीत असते. आधी ठरलेले विषय क्रमानं घेतात. कुणी ऐन वेळी काही मांडलं, तर ते सगळ्यात शेवटी, आयत्या वेळचे विषय म्हणून. तोवर लोक चपला शोधू लागलेले असतात. चिटणिसानं शाखेच्या कपाटातून वही काढली. त्यातल्या एका सभेत पहिल्या विषयाला दोन तास लागले होते. कुठल्या तरी दूरच्या दोन देशांत लढाई चालली होती आणि ठरावात 'निषेध' म्हणावं की 'तीव्र निषेध', यावर वाद झाला होता. शेवटी 'तीव्र' जिंकलं होतं. त्याखाली, पान संपता संपता, त्याच्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं :

'आयत्या वेळचे विषय : धुलाई कारखान्यातील इस्त्री खात्यात वाफ कोंडून त्रास होतो, तरी साहेबांकडे जाताना शाखेने सोबत यावे, अशी महिला कामगारांची विनंती. वेळेअभावी विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.'

त्यानं पुढली सभा पाहिली. त्याच्या पुढली पाहिली. पार वही संपेपर्यंत पाहिली. विषय कुठेच नव्हता. मग त्याला आठवलं. त्या दिवशी खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून ती कामाच्या कपड्यांतच दारापाशी उभी होती. बोलताना तिनं त्याच्याकडे पाहिलं होतं. तो मान खाली घालून लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिचं दार पुन्हा वाजवलं. आजही ती पाण्यात पाय सोडून बसली होती.

"वाचलं," तो म्हणाला. "मग तुम्ही एकट्याच गेलात?"

"एकोणीस जणी. तिघींना त्याच दिवशी घरी बसवलं. त्यांतली एक पुन्हा कुठे कामाला लागलीच नाही."

"आणि पंखा?"

"सहा महिने फिरला. पण दादा, तो माणूस आला होता. शिडीवर स्वतः चढला, आमच्यासारखाच घामानं भिजला. नाटक असेल. नाटकाला तरी आला." तिनं पदरानं पाय पुसले. "परवा आमच्या खात्यातली म्हातारी मावशी रुळापाशीच कोसळली. उद्या साडेसहाला, पाळीच्या आधी, आम्ही साहेबाला भेटणार आहोत. साहेब वाईट नाही, भित्रा आहे. अर्धा कबूल झालाय. बाहेरचं माणूस समोर असलं की दिलेला शब्द फिरवायला त्याला लाज वाटते. तू येशील?"

"येणार म्हणजे काय!"

"झेंडा नको. भाषण नको. नुसता उभा राहा."

"एवढंच ना?"

"एवढंच तुला जड जाईल," ती म्हणाली, पण बऱ्याच वर्षांनी हसून म्हणाली.

घरी जाताना चिटणिसाला हलकं हलकं वाटत होतं. बारा वर्षांचं एका सकाळी फेडायचं, तर नुसतं उभं राहून कसं भागेल? ज्याला जे येतं, त्यानंच तो माया करतो. याला लिहिता येत होतं. त्यानं संध्याकाळी एक निवेदन लिहिलं, शब्द तोलून मापून, एकही खाडाखोड न करता. घरात चांगला कागद एकाच प्रकारचा होता : पक्षाच्या नावाचा, वर चिन्ह छापलेला.

सकाळी फाटकाच्या आत बाया जमल्या होत्या. साहेब किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन आला. बोलणं हळू आवाजात, पण नीट चाललं होतं.

"बरं बाई, बरं. या आठवड्यात पंख्यासाठी माणूस बोलावतो."

"कोणता आठवडा साहेब?" मावशी म्हणाली. "आमचा सात दिवसांचा असतो. तुमचा किती दिवसांचा?"

बाया हसल्या, साहेबही कसनुसा हसला. "शुक्रवारी. झालं समाधान?"

झालं होतं. सगळं झालं होतं. पण चिटणीस दोन पावलं पुढे झाला आणि त्यानं दोन्ही हातांनी निवेदनाचा कागद साहेबापुढे धरला.

साहेबानं वरचं चिन्ह पाहिलं. खालची एक ओळही वाचली नाही.

"हे काय? पक्षाचे आहात तुम्ही?"

"माझा भाऊ आहे तो," बहीण घाईनं म्हणाली.

"भावाच्या कागदावर चिन्ह कशाला? उद्या मालकांनी विचारलं तर मी काय सांगू, आपल्याकडे सभा भरतात म्हणून? कोणी आणलं यांना?"

कुणी काही बोलायच्या आत तिनं हात वर केला. "मी."

"मग तू आजपासून कामाला येऊ नकोस. आणि पंख्याचं आता वरून विचारल्याशिवाय जमायचं नाही."

बाया जागच्या हलेनात. तेव्हा तीच त्यांच्याकडे वळली. "जा गं. आत व्हा. सगळ्यांनी घरी बसून काय होणारेय?" मावशी सगळ्यांत शेवटी गेली, भिंतीला हात लावत.

फाटकाबाहेर तो म्हणाला, "माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता घरी जा, दादा."

दुसऱ्या दिवशी शाखेत सभा बसली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर. त्यांचा चेहरा फुलला होता. "इतक्या वर्षांनी मुद्दा हाती लागला! विषय क्रमांक एक. मोर्चा काढू. बहिणीचा मोठा फोटो लावू, कष्टकरी भगिनीवर अन्याय! लिहा चिटणीस."

चिटणिसानं पेन खाली ठेवलं. "तिला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही."

"अहो, वेळ कुठे आहे आता?"

"बारा वर्षं होता, मास्तर."

तो उठून तडक तिच्याकडे गेला. दार उघडंच होतं. ती ओट्यापाशी उभी होती आणि कोरड्याच भांड्यावरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवत होती. त्यानं मोर्चाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काढा. पण फोटो नको, नाव नको. मला परत घ्या असंही म्हणू नका. तसं म्हटलंत की तो म्हणेल, हिच्यापायीच चाललंय सगळं. पंखा मागा. मावशी अजून आत आहे."

"तू येशील?"

"येईन की. मला कुठे आता कामावर जायचंय?"

ती हसली. त्याला हसता आलं नाही. आणखी एक प्रश्न, माफीचा, त्याच्या ओठांवर आला होता. तिनं तो चेहऱ्यावरच वाचला.

"ते विचारू नकोस, दादा. मला खरंच माहीत नाही."

त्यानं विचारलं नाही. भर दुपारचा एक वाजला होता. कामाच्या दिवशी या वेळी घरात असलेली बहीण त्यानं आजवर कधी पाहिली नव्हती.