विनोदिनीच्या बस्त्यातला शर्ट

मी शर्ट आहे, पण बायकांचा. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण सांगलीच्या त्या कापडदुकानात येणारंजाणारं मला बघून हसायचं. मुंबईत शिवलेला, अस्सल रेशमाचा, शिंपल्याच्या गुंड्यांचा मी! सगळ्यांनी काचेतून बघावं आणि कुणी घेऊ नये, असे माझे दिवस चालले होते. माझ्या किमतीत दोन चांगली लुगडी येतात, हे शेटजी स्वतःच गिऱ्हाइकाला सांगून मोकळे होत.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात विनोदिनीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी आली. मुलगी सांगलीची, कॉलेजात शिकलेली. नवरा मानसिंग कडेगावचा, फौजेत, अंबाल्याला. लग्नानंतर तीही तिकडंच जाणार होती. बस्त्याची रीत अशी, की थोरामोठ्यांनी गादीवर बसून पसंत करायचं आणि नवरीनं मागं बसून मान हलवायची. विनोदिनी मान हलवत होती, पण तिचे डोळे माझ्यावर होते.

ते तिच्या आईच्या लक्षात आलं. "गप्प बस हं," ती कुजबुजली. "शर्ट मागितलास तर विहीणबाई काय म्हणतील?"

विहीणबाई म्हणजे मानसिंगची आई, चंद्राबाई. त्यांचे कान तिखट. "कसला शर्ट? दावा की!"

शेटजींनी मला काचेतून काढून गादीवर ठेवलं. आता लग्न मोडतंय की काय, असं विनोदिनीच्या आईचं तोंड झालं. चंद्राबाईंनी मला मुठीत चुरगळलं, उलटं करून शिवण बघितली आणि सरळ लुगड्यावरून अंगात चढवलं!

"आवं, गुंड्या उलट्या बाजूला कशापायी?"

"बायकांच्या शर्टाला अशाच असतात, आक्का," शेटजी म्हणाले.

"जल्मभर मालकांचा जुना शर्ट घालून उसात राबले. बाईच्या मापाचाबी असतोय, हे आज कळतंय! लय झ्याक बसलाय. पर उसाच्या पाल्यात टिकंल का?"

"एक दिवस नाही टिकायचा," शेटजी खरं बोलले.

"मग काय उपेग?" म्हणत त्या मला उतरवू लागल्या. झालं, माझी पुन्हा काचेमागं रवानगी!

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "आत्या, मला आवडलाय तो. मी अंबाल्याला घालीन."

आईनं कपाळाला हात लावला. चंद्राबाई वळल्या. "मग इतका येळ तोंड शिवलं हुतं व्हय? माझ्या बस्त्याला मला कुनी इचारलं न्हाई, आन् मीबी बोलले न्हाई. नावडतं लुगडं नेसून लग्नात हुबी ऱ्हायले. शेटजी, बांधा ह्यो!"

अंबाल्यात मी पुष्कळ मिरवलो. विनोदिनीबरोबर सायकलवरून बाजार केला, शेजारणींकडून कौतुक करून घेतलं. आता कोपरं झिजलीत, एक गुंडी बदललीय, तरी तोरा कायम आहे.

परवा साडीवर मला घालूनच ती त्याच दुकानात धाकट्या नणंदेच्या, रंगूच्या बस्त्याला आली. चंद्राबाईंनी रंगूला हाताला धरून गादीवर सगळ्यांच्या पुढं बसवलं.

"बोल. गप बसलीस तर मी निवडीन, मग नाक मुरडायचं न्हाई."

रंगूनं समोरच्या ढिगावरून नजर फिरवली, लाजली आणि म्हणाली, "ह्यातलं एकबी नगं. दुसरं दावा."

शेटजींनी घाम पुसला. चंद्राबाई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होत्या.

पोरींनो, आवडलं तर मोठ्यानं सांगा गं. तुमच्या मनातलं आम्हा कपड्यांना कळतं, पण आम्हाला बोलता येत नाही.