दुसरी चावी

मी कुलूप बोलतोय. बोलतोय मी, पण लिहितोय बसवेश. त्याची शाळा आठवीतच सुटली. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधेच आले, तर सांभाळून घ्या. अक्षरही हलल्यासारखं दिसेल. त्याचं कारण शेवटी कळेल.

माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यातला. पितळी अंग, पोलादी कडी आणि तारेत ओवलेल्या दोन चाव्या. चावी फिरवल्याशिवाय मला लागताही येत नाही आणि उघडताही येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

तिथून मी सोलापुरात सिद्धलिंगप्पांच्या दुकानात आलो आणि दोन वर्षं धूळ खात पडलो. एक दिवस बसवेश आला आणि त्यानं एकदम बावीस कुलपं मागितली. सिद्धलिंगप्पांनी चष्म्यावरून बघितलं. “गड्ड्याच्या जत्रेत दुकान टाकतोस काय रे?”

बसवेश लाजाळू. खाली मान घालून म्हणाला, पोरांसाठी आहेत, नेपाळातल्या.

गोष्ट खरी होती. इथल्या एका संस्थेनं नेपाळमधल्या अनाथ मुलांच्या घराला दोन जुने हातमाग दिले होते. ते जोडून द्यायला आणि मुलांना विणायला शिकवायला सहा महिन्यांसाठी माणूस हवा होता. पगार नव्हता. बसवेशला हातमाग येत होता, आणि आपण कुणाला काही शिकवू शकतो असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. तो निघाला.

ती मुलं आधी काठमांडूच्या फुटपाथवर राहायची. घरात आल्यावर प्रत्येकाला एक पत्र्याची पेटी मिळाली. पेटीला कुलूप बसवेशनं दिलं. दुसऱ्या चाव्या घर सांभाळणाऱ्या दिदींच्या कपाटात जाणार होत्या.

मी सुनमायाच्या वाट्याला आलो. आठ वर्षांची मुलगी. फुटपाथवर झोपेत तिची चप्पल गेली होती, पांघरूण गेलं होतं, आणि एका सकाळी जाग आली तेव्हा शेजारी झोपलेला धाकटा भाऊ नव्हता. तो पुन्हा सापडला नाही. तिनं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि पहिलं काय विचारलं, तर दुसरी चावी कुणाकडे आहे?

बसवेश म्हणाला, दुसरी नाहीच. एकच आहे.

पोरीला धीर यावा, एवढाच हेतू. मग माझी दुसरी चावी दिदींना न देता त्यानं गुपचूप पाकिटात ठेवली.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला सुनमाया चावी फिरवायची आणि मला तीनदा ओढून बघायची. माणसं देवाला हात जोडतात, तसं. मग शांत झोपायची.

सहा महिने संपले. बसवेश निघाला तेव्हा तिनं आपल्या पेटीवरून मला काढलं आणि त्याच्या बॅगेच्या चेनला लावलं. सगळे हसले. ती हसली नाही. मोडक्या हिंदीत म्हणाली, “ताला तुम ले जाओ. चाबी मेरे पास. खोलना है तो आना पड़ेगा।”

दसऱ्यानंतर येतो, असं बसवेशनं कबूल केलं.

गोरखपूर स्टेशनवर त्याला तोंड धुवायचं होतं. टॉवेल बॅगेत. थोडा वेळ तो माझ्याकडे बघत बसला आणि मग पाकिटातली चावी काढली. चावी खरी असेल तर कुलपाला नाही म्हणता येत नाही. मी उघडलो. पण उघडताना कुणीतरी दूरवर दचकलं, हे मला आत कळलं.

सोलापुरात आल्यावर त्याला चिंचोळी एमआयडीसीत काम लागलं. तीच बॅग तो कामावर न्यायचा. दसरा गेला, दिवाळी गेली. दिदींना फोन करायचं तो टाळत राहिला.

आणि संध्याकाळी ते सुरू झालं. बॅग खुंटीला, मी चेनला उघडाच अडकवलेला, माझी चावी पाकिटात. दिवेलागण झाली की माझ्या पोटात दुसरी एक चावी शिरायची. दिसायची नाही. धरणारी बोटं लहान आणि गरम असायची. मी लागायचो. मग तीन हिसके.

पहिल्यांदा बसवेशला वाटलं, आपणच लावलं असेल. आठवडाभरानं त्याच्या आईनं, कमलम्मांनी, भाकरी थापता थापता आवाज ऐकला. त्यांनी हात थांबवला. “बसू, तू हितं माझ्यासमोर बसलायस. मग आत कुलूप कोण लावलं?”

बसवेशनं त्या दिवशी आईला सगळं सांगितलं. कमलम्मांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग एवढंच म्हणाल्या, “ज्याचं हाय त्याला देऊन टाक की.”

तरी तो रोज चावी काढायचा, मला उघडायचा आणि कामावर जायचा.

संक्रांतीला गड्ड्यावर जत्रेचे पाळणे उभे राहिले, तेव्हा त्यानं शेवटी फोन केला. दिदी म्हणाल्या, सुनमाया बरी आहे, पण दुसरं कुलूप घेत नाही. पेटी उघडीच ठेवते. रोज संध्याकाळी दाराशी बसून हवेत चावी फिरवते, मुलं चिडवतात. आणि हल्ली एक विचित्रच बोलते. म्हणते, त्याच्याकडे दुसरी चावी आहे.

हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळीही मी लागलो. बसवेशचा युनिफॉर्म आणि कंपनीचं ओळखपत्र बॅगेत होतं. त्यानं चावी घातली. ती फिरेना. तेल सोडलं, तरी फिरेना. मी धरलं नव्हतं, शपथ. पलीकडून कुणीतरी धरून ठेवलं होतं.

कमलम्मा म्हणाल्या, “दगडानं फोडतोस काय?”

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग कपाळ माझ्यावर टेकवून हळूच बोलला, “दुसरी होती, सुनमाया. मी खोटं बोललो.”

मी उघडलो नाही. त्या संध्याकाळचे तीन हिसके मात्र बसलेच नाहीत.

वाचणाऱ्यांनो, ज्याचं सगळं हरवलंय त्याला कुलूप द्याल, तर दोन्ही चाव्या द्या. एवढंच माझं मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवू लागली. बसवेशनं दुसरी चावी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि बंद बॅग खांद्याला लावली. कमलम्मांनी कडक भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. तो बसच्या उलट्या दिशेनं चालत स्टेशनवर गेला. तिथं त्यानं गोरखपूरचं तिकीट, एक वही आणि पेन घेतलं. गाडी हलली तशी बॅग मांडीवर ओढून मला अंगठ्यानं पुसलं, वही उघडली आणि म्हणाला, “सांग आता.”