ब्रदर आल्फ्रेडच्या पाठीवरचं रक्त

राघव हे लिहिणारच नव्हता. पाठ त्याची नव्हती, डेन्झिलची होती. मित्राच्या पाठीवरचे वळ चारचौघांत कशाला दाखवायचे? पण तो ब्रदर अजून मोकळाच आहे. म्हणून लिहिलं.

२०२१, सिडनीचं गिरावीन उपनगर, करोनाचा लॉकडाऊन. पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. डेन्झिलची मम्मी वसईत ऑक्सिजनवर आणि विमानं बंद. राघव आणि डेन्झिल, दोघे रूममेट छोट्याशा फ्लॅटमध्ये कोंडलेले.

दर शुक्रवारी दुपारी ब्रदर आल्फ्रेडचा झूम. हा कुठल्याच चर्चचा नाही, पण स्क्रीन माणसांनी गच्च.

"जुन्या मठांतले संत टोचरा अंगरखा घालायचे, स्वतःला फटके मारायचे! देहाला रडवा! माईक म्यूट करा, पाप म्यूट होत नाही!"

मग दोरी 'पवित्र पाण्यात' बुडवायची, पिवळट अंगरख्यावर सटासट फटके मारायचे आणि कॅमेऱ्याकडे पाठ करायची. लाल रेघा!

"कातडी फाटली नाही, तरी रक्त! तुमच्या आजाऱ्यांचं दुखणं मी घेतलं. आता तुम्ही घ्या. इंजेक्शनं म्हणजे देहाचे लाड!"

चॅटमध्ये आमेन आणि बदाम.

डेन्झिलला लहानपणापासून डायबिटीस. त्याने जेवण सोडलं, इन्सुलिन अर्ध्यावर आणलं. दार लावून दोरीचे फटके. ओठ सुकलेले, सारखं पाणी पाणी.

"डेन्झ्या, मरशील रे."

"मम्मी वाचेल ना पण."

"तुझ्या पॅरिश चर्चचे फादर फोनवर काय म्हणाले? औषध सोडू नको."

"फादरच्या पाठीला रक्त येतं का?"



गुरुवारी राघवने वरण सांडलेला टीशर्ट सिंकमध्ये टाकला, वर वॉशिंग पावडर. हळदीचा डाग लालभडक झाला. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, पण आज तो नळ चालू ठेवून बघतच राहिला. पिवळट अंगरखा. ओली दोरी.

शुक्रवारी ब्रदरच्या पाठीवर रेघा उमटल्या आणि राघवने माईक चालू केला. अंगात हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं बनियन, हातात पावडरच्या पाण्यातली दोरी. सट! सट!

"हे बघा, मलापण आलं रक्त. मी तर चर्चमध्येपण जात नाही."

"सैतान आहे हा!" ब्रदर ओरडला.

"नो वरीज. आता लिंबू पिळतो." बनियनवरची लाल रेघ पुन्हा पिवळी झाली. "हळद आहे, दुसरं काही नाही. ब्रदर, तुमच्या रक्तावर पिळा की. खरं असेल तर लालच राहील."

वसईची कोणीतरी मावशी म्हणाली, "पिळा ना ब्रदर, घाबरताय कशाला?"

स्क्रीन काळी. ब्रदरने मीटिंगच बंद केली.

डेन्झिल ओलं बनियन हातात घेऊन बसला. रडू आलं त्याला. "म्हणजे मम्मीसाठी मी काहीच करू शकत नाही?"

"तुझ्या पाठीवर वळ उठले म्हणून तिला एक श्वास जास्त मिळाला का? डॉक्टर तिच्यासाठी झटतायत. ती रोज विचारते, जेवलास का. खोटं बोलतोस तू."



'तू जेवत नाहीस तोवर मीपण नाही', हे राघवच्या ओठांवर आलं होतं. त्याने गिळलं. तोही तसलाच फटका झाला असता. त्याने शुगर मोजायचं मशीन पुढे सरकवलं आणि नर्सच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"वसईचा फोन येईल तेव्हा मी तुझ्या बाजूला बसेन," तो म्हणाला. "बातमी कशीही असू दे, तुला एकट्याने ऐकू देणार नाही. प्रॉमिस."